तुम्ही विचारलंत म्हणून: सिकंदर म्हणजे काय?

"सिकंदर म्हणजे जग जिंकणारा ना?" नाव सांगितलं की बहुतेक जण हेच विचारतात. पूर्वी मी मान डोलावून मोकळा व्हायचो. हल्ली थांबवतो, कारण जिंकणं या नावात कुठेच नाही.

मूळ ग्रीक नाव 'अलेक्झांड्रोस'. 'अलेक्सो' म्हणजे मी परतवून लावतो, राखतो; 'आनेर' म्हणजे पुरुष, समासात त्याचं होतं 'आंद्र'. माणसांना राखणारा, एवढाच अर्थ. गंमत पुढेच आहे. ते 'अलेक्स' आणि आपलं 'रक्ष्' ही भाषाशास्त्राच्या हिशेबात एकाच धातूची लेकरं, आणि 'आनेर' हा आपल्या 'नर'चा भाऊबंद. म्हणजे 'नररक्षक' हा माझ्या नावाचा नुसता अनुवाद नाही, त्यातले धातूही तेच! हे कळलं त्या दिवशी दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहून मी बराच वेळ बघत बसलो होतो.

मग सुरुवातीचा 'अल्' गेला कुठे? अरबीत 'अल्' हे नामाआधी लागणारं उपपद. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा आपलाच 'अल्', नावाचा भाग नव्हे. शिवाय 'क्स'चा उलटून 'स्क' झाला. उरला इस्कंदर, आणि फारसीच्या वाटेने सिकंदर. अलेक्झांड्रिया शहराला अरबीत आजही 'अल्-इस्कंदरिया' म्हणतात. कात्री चुकीच्या जागी चालली खरी, पण माझं नाव त्या चुकीवरच उभं आहे, तक्रार कुठे करू?

हंगेरियनमध्ये याचा शांदोर झाला, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलिस्टर, स्पॅनिशमध्ये अलेहांद्रो. रशियन लोक लाडाने साशा म्हणतात, मुलगा असो की मुलगी. आणि पुरुषी नाव म्हणून फार मिरवायचीही सोय नाही. ग्रीकमधल्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक मायसीनी या ग्रीसमधल्या प्राचीन नगरातल्या मातीच्या पाटीवर आहे, इ.स.पू. १३व्या शतकातली: 'अ-रे-क-स-द-र'. म्हणजे अलेक्झांड्रा. बाई!

जग जिंकणं चिकटलं ते एकट्या मॅसिडोनियाच्या राजामुळे (इ.स.पू. ३५६–३२३). तोही त्या घराण्यातला तिसरा अलेक्झांडर. आधीचे दोघे कुणाला आठवतात?

माझी लाडकी नोंद मात्र अशोकाची. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीच्या खडकावर, खरोष्ठी लिपीतल्या १३व्या शिलालेखात तो आपल्या काळातल्या ग्रीक राजांची नावं देतो. त्यात एक 'अलिकसुदर' आहे. हा जगज्जेता नव्हे, त्याला जाऊन तोवर साठ-सत्तर वर्षं झाली होती. हा एपिरसचा किंवा कॉरिंथचा, त्याच नावाचा दुसरा राजा. जोडाक्षरं फुटली आहेत, पण 'अल' शाबूत आहे. आणि लेख कशाचा, तर कलिंग जिंकल्याच्या पश्चात्तापाचा.