होळीआधी टोप नाही

माझं माहेर अमळनेरचं, घरी अहिराणी. सातपुड्यातल्या मोलगी भागात मास्तरकी करायला आले त्याला अकरा वर्षं झाली. इथली बोली मला वर्गातल्या पोरींनी शिकवली. त्यातल्याच एकीचे आजोबा बांबूकाम करतात. डिसेंबरात एका महोत्सवासाठी आदिवासी कारागीर हवे होते, म्हणून मी त्यांना विचारलं.

"सुपं आणतो, टोपल्या आणतो," ते म्हणाले.

"बुध्याचा टोपही मागितलाय, बाबा."

"टोप नाही, बाई. होळी कुठे आली अजून?"

मला वाटलं, एक करून न्यायला काय हरकत आहे? दोनदा आग्रह केला. आता त्याचं फार वाईट वाटतं.

सातपुड्यात नवसाचे पुरुष होळीला बुध्या होतात. बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसं, कमरेला सुके दुधीभोपळे नि घुंगरं, उघड्या अंगावर पांढरे ठिपके. त्याआधी पाळणी असते: खाटेवर निजायचं नाही, पायात काही घालायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. एवढं पाळलं की मग टोप डोक्यावर येतो.

महोत्सवात आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. बाबा टेबलाकडे फिरकलेच नाहीत, जमिनीवर बसले. कोयत्याची धार बांबूच्या तोंडाला लावून वरून एक ठोका दिला, आणि पेर सरळ चिरत गेलं. गाठीपाशी कोयता अडला की मनगट किंचित वळवायचे. मग बाहेरची हिरवी पाठ वेगळी, आतला पांढरा भाग वेगळा. पाठ चिवट, ती काठाला. आतल्या पट्ट्या विणायला. पट्टी पुरेशी पातळ झाली का, हे ते अंगठ्यावरून ओढून बघत. डोळे भलतीकडेच असत. इतकं नेमकं काम मी जवळून कधी पाहिलं नव्हतं, आणि अकरा वर्षं मी त्याच पाड्यावर जातेय!

दुपारी स्टेजवर नाचाचा एक संच आला. डोक्यावर पुठ्ठ्याचे टोप, प्लास्टिकची पिसं. निवेदक म्हणाला, "आपल्या समोर बुध्या!" बाबांचे हात थांबले. वर बघितलं, खाली बघितलं, परत विणायला लागले. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

होळीला मी काठी गावाला गेले. पहाटेच्या अंधारात दुधीभोपळ्यांचा ठकठक आवाज आधी आला, माणसं नंतर दिसली. त्यात बाबांचा पुतण्या होता. टोप बाबांनीच बांधलेला; काठाची हिरवी पाठ बघून मी ओळखला. फोन पिशवीतून काढलाच नाही.

यंदा परत तशीच मागणी आली. सूप, टोपली, डाली एवढंच यादीत लिहून पाठवलं, खाली टोपासाठी काठीचा पत्ता दिला. कुणाला यायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा. होळी पहाटे पेटते, आणि रात्री घाटातून गाड्या हळूच येतात.