जिथलं गाणं तिथे ऐकलं

वसईच्या आमच्या चर्चमध्ये मी आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. चर्चच्या सणाला आम्ही दोनदा ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरचं ‘लोकुस इस्ते’ गायलो. चार आवाज, साथीला एकही वाद्य नाही, जेमतेम तीन मिनिटांचं मोटेट, म्हणजे लॅटिन शब्दांचं चर्चगीत. शेवटची ओळ येण्याआधी त्यात एक लांब विश्रांती आहे, सगळ्यांनी गप्प राहायची. ती आम्हाला कधीच पेलली नाही. वर पंखे गरगरायचे, खाली कुणीतरी आधीच सूर लावायचं. ऑस्ट्रियाला जायचं ठरलं तेव्हा व्हिएन्ना एका दिवसात उरकली आणि हे गाणं जिथलं, ते लिन्झ गाठलं.

आधी बसने सांक्ट फ्लोरियानच्या मठात गेले. वडील वारल्यावर, १८३७ मध्ये, ब्रुकनर इथे गायकमुलगा म्हणून आला. पुढे इथेच शिक्षक आणि ऑर्गनवादक झाला. मठाचे गायनप्रमुख इग्नाझ ट्राउमिहलर जुन्या चर्चसंगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्यासाठी १८७९ मध्ये ब्रुकनरने ‘ओस युस्ती’ हे मोटेट लिहिलं, ते लिडियन मोडमध्ये, म्हणजे आपल्या कल्याण थाटाच्या सुरांत. अख्ख्या रचनेत एकही शार्प किंवा फ्लॅट नाही, म्हणजे पेटीची एकही काळी पट्टी लागत नाही! एवढं बंधन घालून घेऊनही ते गाणं इतकं मोकळं कसं वाहतं, याचं मला आजही नवल वाटतं. १८९६ मध्ये तो व्हिएन्नात वारला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणलं. तळघरात, ऑर्गनच्या बरोबर खाली त्याची शवपेटी आहे आणि मागे हजारो माणसांच्या कवट्या-हाडं रचलेली. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. भीती अजिबात वाटली नाही.

संध्याकाळी लिन्झच्या नव्या कॅथेड्रलमध्ये आले. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १८६९ मध्ये त्यातलं एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, तेवढं तयार झालं. त्याच्यासाठी ‘लोकुस इस्ते’ लिहिलं गेलं. ‘ही जागा देवाने घडवली’ असे शब्द, आणि भोवतीचं कॅथेड्रल अजून उभंच राहायचं होतं! ते पुरं झालं १९२४ मध्ये. ब्रुकनरने ते पाहिलंच नाही.

माझं नशीब असं की चॅपलमध्ये एका गायकवृंदाची तालीम चालू होती. मागच्या बाकावर बसले. ‘इनेस्तिमाबिले’ला, म्हणजे ‘अमूल्य’ या शब्दाला, बास, म्हणजे पुरुषांचे सर्वांत खालचे आवाज, पुढे झाले, छातीत घुमले. मग ‘इर्रेप्रेहेन्सिबिलिस’, म्हणजे निर्दोष. इथे बास गप्प होतात. वरचे तीन आवाज अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकत राहतात, पायाखाली जमीन नसल्यासारखे. गाताना हे मला कधी कळलंच नव्हतं. तेव्हा सगळं लक्ष माझ्या ओळीत.

आणि ती विश्रांती आली. गायक थांबले, पण सूर थांबला नाही. कमानींत चढला, तिथे रेंगाळला, हळूहळू विरत गेला. संचालकाचा हात हवेत तसाच. कुणालाही घाई नव्हती. सूर पुरता विरल्यावरच त्यांनी शेवटची ओळ घेतली, अगदी हळू.