मिक्सिन रांगेत कुठे उभे आहे?

मागच्या वर्षी जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कवरच्या एका प्रकल्पाचा कोड तपासताना एका व्ह्यूपाशी, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या क्लासपाशी, मी बराच वेळ अडकलो. क्लासच्या कंसात, जिथे त्याचे पालक-क्लास लिहितात, आधी पान दाखवणारा टेम्प्लेटव्ह्यू आणि त्यानंतर लॉगिन तपासणारे लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन अशी दोन नावे होती. वाचताना काही खटकत नव्हते, एरर येत नव्हती, पानही व्यवस्थित उघडत होते. मात्र ते लॉगिन न करताही उघडत होते. कंसातल्या दोन नावांची अदलाबदल केली आणि तेच पान लॉगिन मागू लागले.

इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणे, शिकताना आपण झाडाचे चित्र काढतो, आणि मिक्सिन, म्हणजे इतर क्लासमध्ये मिसळायचा छोटा क्लास, त्या झाडाला बाजूने जोडलेली जादा फांदी आहे असे मनात धरतो. ही समजूत मला घातक वाटते. पायथनमध्ये क्लासला कितीही पालक असले, तरी मेथड (क्लासमधले फंक्शन) शोधण्यासाठी भाषा त्या सर्वांना एकाच सरळ रांगेत उभे करते. या रांगेला एमआरओ (मेथड रिझोल्यूशन ऑर्डर) म्हणतात, आणि पायथन 2.3 पासून ती सी-थ्री नावाच्या पद्धतीने लावली जाते, जी मुळात डिलन या भाषेसाठी मांडली गेली होती. मूल पालकाच्या आधी येते आणि कंसात लिहिलेला क्रम मोडत नाही. दोन्ही अटी एकदम पाळता आल्या नाहीत, तर क्लास तयार होतानाच टाइपएरर येते.

आमच्या व्ह्यूची रांग पाहिली तर आधी तो स्वतः, मग टेम्प्लेटव्ह्यू, त्याची दोन छोटी मिक्सिने, मग मूळ व्ह्यू क्लास, आणि या सर्वांच्या मागे लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन होते. विनंती आली की ती हाताळणारी डिस्पॅच ही मेथड शोधली जाते. ती मूळ व्ह्यू क्लासमध्येच सापडते आणि सुपर वापरून पुढच्या क्लासला हाक मारत नाही. त्यामुळे लॉगिन तपासणारे डिस्पॅच मागे उभे असूनही त्याची पाळी कधीच येत नव्हती. हे मिक्सिन सर्वांत डावीकडे लिहावे, असे जँगोच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलेले आहे, पण त्यामागचे कारण रांग समजल्याशिवाय पटत नाही.

सुपर म्हणजे पालक, असे आपल्याला शिकवले जाते. खरे तर सुपर म्हणजे, ज्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे त्याच्या रांगेतला, सध्याच्या क्लासनंतरचा क्लास. लॉगिनरिक्वायर्डमिक्सिनचा स्वतःचा पालक ॲक्सेसमिक्सिन असून त्यात डिस्पॅच नाहीच. तरीही योग्य क्रमात त्याने सुपरमार्फत डिस्पॅचला हाक मारली, की ती हाक ज्याच्याशी त्याचे काही नाते नाही अशा व्ह्यू क्लासपर्यंत पोहोचते. रांगेत आपल्यानंतर कोण उभे असेल, हे मिक्सिन लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ही मोकळीकच मला मिक्सिनचे खरे सामर्थ्य वाटते. मात्र त्यासाठी प्रत्येकाने आलेले आर्ग्युमेंट्स जसेच्या तसे पुढे द्यावे लागतात. मध्येच एकाने सुपर गाळले, की त्याच्या मागच्यांचे काम मुकाट्याने थांबते.

रूबी या भाषेत क्लासला सुपरक्लास (पालक) एकच असतो, तरीही रांगेचा नियम चुकत नाही. इन्क्लूड केलेले मॉड्यूल, म्हणजे रूबीतले मिक्सिन, क्लास आणि त्याचा सुपरक्लास यांच्या मधोमध बसते, म्हणून क्लासची स्वतःची मेथड मॉड्यूलवर मात करते. 2013 साली रूबी 2.0 मध्ये आलेले प्रिपेंड तेच मॉड्यूल क्लासच्याही पुढे आणून ठेवते. ॲन्सेस्टर्स ही मेथड चालवली, की ही मांडणी डोळ्यांनी दिसते.

मिक्सिन हे नाव एमआयटीच्या लिस्प यंत्रांवरील फ्लेवर्स प्रणालीतून आले, आणि तिथे ते मॅसॅच्युसेट्समधील समरव्हिल इथल्या एका आइस्क्रीमच्या दुकानावरून सुचले, जिथे मूळ आइस्क्रीममध्ये गिऱ्हाइकाच्या आवडीचे जिन्नस मिसळून देत. उपमा गोड आहे, पण मिसळलेल्या जिनसांना क्रम नसतो आणि कोडमध्ये तो असतो.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक बंदिस्त पानासाठी एक टेस्ट लिहिलेली असते: लॉगिन न केलेल्या वापरकर्त्याच्या नावे विनंती पाठवायची आणि 200 (पान मिळाले) ऐवजी 302 (दुसऱ्या पत्त्यावर पाठवले) हा कोड परत येतो का, ते पाहायचे.