ओपेट स्पोर, सेलेन ते मोरा ९० किमी: ग्लाइडच्या मागे लागू नका, आधी पकड बघा

ओपेट स्पोर म्हणजे स्वीडनमधल्या वासालोपेट या लांब पल्ल्याच्या स्की रेसचाच रस्ता, सेलेनजवळच्या बेरगा गावातून मोरापर्यंत ९० किलोमीटर, तोही क्लासिक स्टाइलनेच (दोन्ही स्की समांतर ट्रॅकमध्ये ठेवून), स्केटिंग (स्की तिरक्या बाहेर ढकलत जाणं) चालत नाही. मुख्य रेस मार्चच्या पहिल्या रविवारी असते, हा प्रकार त्याच्या आधीच्या आठवड्यात. इथे सगळे एकदम सुटत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडतात, नंबर काढत नाहीत, फक्त वेळ नोंदवतात, आणि ती वेळ दाखवून नंतर मुख्य रेसमध्ये पुढचा स्टार्ट ग्रुप मागता येतो. १९७९ पासून चालू आहे. इथल्या मराठी ग्रुपवर दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच की लहानपणी बर्फ न पाहिलेल्या माणसाला हे जमेल का. जमतं. यंदा मी आणि उप्सालाची एक मैत्रीण (मूळची साताऱ्याची) दोघींनी सोमवारचा स्टार्ट घेतला, दहा तासांच्या आसपास मोराला पोचलो, म्हणून सगळं ताजं असताना लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी मुद्द्याचं. नेटवर जे वॅक्सिंगचे (स्कीच्या तळाला मेण लावायचे) व्हिडिओ आहेत ते बहुतेक जोरात जाणाऱ्यांसाठी आहेत. पुढचे एलिट लोक तर आता किक वॅक्स (स्कीच्या मधल्या भागाला लावायचं, पकड देणारं वॅक्स) लावतच नाहीत, नुसतं दोन्ही हातांनी पोल म्हणजे काठ्या ढकलत, डबल पोलिंग करत सगळे ९० किलोमीटर जातात, २०२१ मध्ये तोर्द आस्ले येर्दालेनने असंच ३ तास २८ मिनिटांत संपवलं, तो अजून रेकॉर्ड आहे. त्यांचे दंड, पोट, पाठ वर्षानुवर्षं त्यासाठीच तयार झालेले असतात. आपण दहा तास बाहेर असणार, चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर हात संपतात आणि मग चढावर स्की मागे घसरायला लागली की प्रत्येक पावलाला दुप्पट ताकद जाते. म्हणून माझं ठाम मत, पहिल्यांदा जाणाऱ्याने पकडीवर वेळ आणि पैसा घालवावा, ग्लाइड, म्हणजे स्की पुढे घसरणं, थोडा कमी असला तरी चालतो.

पकडीची सुरुवात वॅक्सपासून होत नाही, स्कीपासून होते. क्लासिक स्की मधे कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना मधला भाग बर्फाला टेकायला नको आणि एका पायावर पूर्ण वजन टाकून दाबलं की टेकायला हवा, तिथेच किक वॅक्स असतं. घरी सपाट फरशीवर कागदाने बघता येतं: दोन्ही पायांवर उभं राहायचं, दुसऱ्या कोणीतरी बूटाखाली स्कीच्या खालून कागद पुढेमागे सरकवायचा, जिथे अडकतो तिथे दोन्ही बाजूंना मार्करने खूण, मग एका पायावर वजन टाकायचं आणि कागद घट्ट दाबला जातोय का बघायचं. दाबला जात नसेल तर ती स्की तुमच्या वजनाला फार कडक आहे, आणि कुठलंही वॅक्स लावलं तरी ती पकडणार नाही. आपल्याकडच्या बारीक अंगाच्या बायकांना दुकानात बऱ्याचदा नुसती उंची बघून स्की देतात, तर वजन स्वतःहून सांगा आणि कागदाची टेस्ट दुकानातच करायला लावा.

आता वॅक्स. आदल्या रात्री मोरात −९ होतं, दुपारी −१ पर्यंत जाणार होतं, बर्फ जुना, दाणेदार, वर थोडा नवीन. दाणेदार बर्फ सँडपेपरसारखा वॅक्स घासून काढतो, त्यामुळे ९० किलोमीटरसाठी खाली बाइंडर (वरचं वॅक्स धरून ठेवणारा तळचा थर) लागतोच. मी किक झोन बारीक सँडपेपरने थोडा खरखरीत केला, हिरव्या बाइंडरचा एक पातळ थर लावून इस्त्रीने बसवला, थंड होऊ दिला, मग त्यावर स्विक्सचा निळा व्ही३० (नव्या बर्फाला साधारण −२ ते −१०) असे पातळ पातळ चार-पाच थर, प्रत्येक थर कॉर्कने घासून गुळगुळीत. एकच जाड थर लावला तर तो बर्फ धरून बसतो आणि स्कीखाली गोळे होतात. लावून झाल्यावर स्की बाहेर थंडीत ठेवायची, गरम वॅक्स थेट बर्फावर नेलं तर हमखास आइसिंग होतं, म्हणजे तळाला बर्फ चिकटतो. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा: कडक वॅक्सवर मऊ वॅक्स चढतं, मऊ वॅक्सवर कडक नीट चढत नाही. म्हणून सकाळी थंडीचं कडक लावून निघायचं आणि खिशात पुढचं मऊ ठेवायचं, माझ्याकडे ब्लू एक्स्ट्रा (व्ही४०) आणि व्हायोलेट स्पेशल (व्ही४५) होतं, सोबत छोटा कॉर्क. तापमान शून्याच्या वर जाऊन बर्फ ओला होणार असेल किंवा रात्री वितळून पुन्हा गोठलेला कडक बर्फ असेल तर मात्र हे काही चालत नाही, तिथे क्लिस्टर, ट्यूबमधलं चिकट प्रकरण, ते नवीन माणसाने सरळ दुकानात लावून घ्यावं.

ग्लाइड वॅक्स पुढच्या आणि मागच्या भागाला, −२ ते −८ वालं, इस्त्रीने लावून थंड झालं की प्लास्टिक स्क्रेपरने काढायचं आणि टोकापासून शेपटीकडे ब्रश. इस्त्रीतून धूर यायला लागला तर ती फार गरम आहे. फ्लुओरोवालं वॅक्स कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की संघटना) २०२३-२४ च्या सीझनपासून त्यावर पूर्ण बंदी घातलीय, ती केमिकल्स माती-पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात.

मैत्रिणीकडे स्किन स्की होत्या, म्हणजे मधे मोहेअरची पट्टी चिकटवलेली, किक वॅक्सची भानगडच नाही. सकाळच्या थंडीत उतारावर मी तिच्या पुढे निघून जात होते, दुपारी ती मला चढावर गाठत होती आणि वॅक्ससाठी एकदाही थांबली नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी आज तरी स्किनच सांगेन, फक्त पट्टी आदल्या दिवशी क्लीनरने साफ करा आणि तिच्यावर ग्लाइड वॅक्स सांडू देऊ नका.

सकाळचं गणित असं. रस्ता एकाच दिशेचा आहे, त्यामुळे मुक्काम मोराला करून पहाटेच्या बसने सेलेनला जाणं सोपं, गाडी नेली तर ती नव्वद किलोमीटर मागे राहते. बसमध्ये झोप काढा, जाड कपडे शेवटपर्यंत अंगावर ठेवा, निघताना ते बॅगेत भरून दिले की मोराला मिळतात. बॅगेवर नंबर लावायला विसरू नका.

सुटल्यावर थोडं सपाट आणि लगेच तो पहिला चढ, तीनेक किलोमीटर. मुख्य रेसमध्ये इथे हजारो लोकांची कोंडी होते आणि पोल मोडतात, ओपेट स्पोरला गर्दी पुष्कळ कमी. तरीही इथे घाई करू नका. ट्रॅकमध्ये पकड मिळतेय तोपर्यंत छोटी पावलं टाकत डायगोनल (चालल्यासारखं, एक पाय आणि उलटा हात), वजन पूर्ण पुढच्या पायावर, किक खाली दाबायची, मागे ओढायची नाही, मागे ओढली की ती घसरतेच. पकड सुटली की बाहेर येऊन हेरिंगबोन, टोकं बाहेर, आतली कड रोवून. वर पोचलात की या रस्त्यातला सगळ्यात उंच भाग झाला, पुढे दलदलीचा सपाट प्रदेश, बारीक पाइन, आणि सूर्य अजून खाली. मला हा भाग फार आवडतो.

स्मोगान या पहिल्या थांब्यापासून मोंग्सबोदार्नापर्यंत, म्हणजे २४ किलोमीटरच्या खुणेपर्यंत, बराचसा डबल पोलिंगचा रस्ता आहे आणि ते हातांनी करायचं नसतं. उंच उभं राहायचं, कंबर पुढे, टाचा किंचित हलक्या, मग शरीराचं वजन पोलवर पडू द्यायचं, पोटाने दाबायचं, पोल बाइंडिंगच्या आसपास टोचायचे आणि हात मांडीच्या मागे गेले की सोडून द्यायचे. खांदे दुखायला लागले तर तुम्ही पोट वापरत नाही आहात. गुडघ्यात फार बसू नका. मधेच थोडा चढ आला की किक-डबल-पोल, एक किक आणि एक ढकल, हे शिकून घ्या, चढ-उताराच्या मधल्या जागांसाठी हा गिअर सोन्यासारखा आहे आणि क्लासमध्ये याच्यावर फार कमी वेळ देतात. पोलची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास ठेवा, एफआयएसच्या क्लासिक रेसमध्ये कमाल मर्यादाही तेवढीच आहे.

रिसबर्गच्या आधी चढ आहे आणि तिथून एव्हर्ट्सबर्गपर्यंतसुद्धा चढउतार चालूच, एव्हर्ट्सबर्ग ४७ किलोमीटरवर. माझं निळं वॅक्स इथपर्यंत पातळ झालं होतं, ऊनही आलं होतं. वॅक्स लावून देणाऱ्या आजोबांनी स्की उलटी केली, अंगठा फिरवला आणि विचारलं, "पुढे किक हवी की ग्लाइड?" मी म्हटलं किक. त्यांनी किक झोन पुसून कोरडा केला, ब्लू एक्स्ट्रा दोन थर आणि अगदी बूटाखाली व्हायोलेटचा एक आखूड थर लावला. त्या आखूड थराने ऑक्सबर्ग ते हॉकबर्ग हा सगळा चढ मी ट्रॅकमध्ये उभी राहून गेले, आजूबाजूला लोक बाहेर पडून हेरिंगबोन करत होते. तर पाच मिनिटं जातात म्हणून हा स्टॉप टाळू नका, आणि गर्दी असेल तर खिशातलं वॅक्स काढून स्वतः लावा, हातमोज्यानेच बर्फ झटकून, कोरडं करून, मगच.

एव्हर्ट्सबर्गनंतर लांब उतार आहे. दुपारपर्यंत ट्रॅक घासून घासून बर्फाळ होतात, पुढे कोणी पडलं तर ट्रॅकमध्ये राहून थांबता येत नाही, म्हणून उताराच्या आधीच एक पाय बाहेर काढून प्लाऊ (स्की तिरकी करून ब्रेक) करायची सवय घरच्या टेकडीवर करून या. सावकाश जाणाऱ्यांनी उजवीकडच्या ट्रॅकमध्ये राहायचं.

खाणं. प्रत्येक कंट्रोलला (रस्त्यातल्या ठरलेल्या थांब्याला) ब्लूबेरी सूप, स्पोर्ट्स ड्रिंक, बन. ब्लूबेरी सूप कोमट, गोड, पोटाला हलकं, प्रत्येक ठिकाणी एक कप घ्याच, भूक नसली तरी. गरम बुयॉनही (पातळ खारट सूप) असतं, शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं. स्वतःचं न्यायचं तर चिक्की नको, −९ ला ती दगड होते आणि चावताना दात दुखतात. खजूर-शेंगदाण्याचे छोटे मऊ लाडू आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवले, ते शेवटपर्यंत मऊ राहिले. पाण्याच्या बेल्टची नळी गोठते, बाटली उलटी ठेवा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२२ ला ही रेस सुरू झाली, गुस्ताव वासा १५२० च्या सुमारास मोरातून नॉर्वेकडे पळाला आणि गावकऱ्यांनी दोन स्कीवाले पाठवून त्याला सेलेनला गाठलं, त्या आठवणीत. १९२३ मध्ये मार्गिट नोर्दिन नावाची जिम्नॅस्टिक शिक्षिका दहा तासांच्या थोडं वर वेळेत पूर्ण करून आली, आणि त्यानंतर बायकांना बंदी घातली ती थेट १९८१ पर्यंत! आमची वेळ जवळपास तिच्याएवढी, पण आम्हाला मशीनने कापलेले ट्रॅक, हलक्या स्की, दर दहा-पंधरा किलोमीटरला गरम सूप. तिच्याकडे लाकडी स्की होत्या. हॉकबर्गनंतर पाय जड झाले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, मार्गिटबाई याच रस्त्याने गेल्यात, चल," आणि खरंच त्याने बळ आलं.

शेवटचे वीसेक किलोमीटर बहुतेक सपाट किंवा हलका उतार, एल्ड्रिसनंतर मोराचे दिवे दिसायला लागतात. फेब्रुवारीअखेर पाच-साडेपाचला अंधारतं, हेडलॅम्प सोबत हवाच, आणि ऊन गेलं की बर्फ पटकन गोठतो, तेव्हा मऊ वॅक्स थोडं ओढतं, डबल पोलिंगवर या. प्रत्येक कंट्रोलला बंद व्हायची वेळ ठरलेली असते, त्या वर्षीचा तक्ता मनगटावर लिहून ठेवा.

तयारीबद्दल थोडक्यात. बर्फ नसेल तेव्हा रोलर स्की, तेही डबल पोलिंगच जास्त. स्टॉकहोमवाल्यांना ओगेस्टा आणि हेल्लासगोर्डनला कृत्रिम बर्फाचे लूप आहेत, गोथेनबर्गला स्किडोम आहे, आत वर्षभर बर्फ. जानेवारीत एकदा तरी चार-पाच तास सलग बाहेर राहा, त्याच कपड्यांत, तेच खाऊन. हातमोजे दोन जोड.

मोराला पोचल्यावर बॅग, शॉवर, गरम जेवण सगळं जवळच. परतीची ट्रेन त्याच रात्रीची घेऊ नका, स्टॉकहोम चार तासांच्या आसपास आहे आणि बसून पाय आखडतात, दुसऱ्या सकाळची घ्या. स्की बॅगेत घालण्याआधी किक वॅक्स स्क्रेपरने काढून टाका, नाहीतर ते ग्लाइडच्या भागावर आणि बॅगेला पसरतं आणि मग काढायला संध्याकाळ जाते.