भुंगा कमळात अडकवायची काय गरज होती?

भाची दहावीला आहे. परवा वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं सोडवता सोडवता वैतागली आणि म्हणाली, मावशी मी सायन्स घेणारच नाही, मला कविता आवडतात. जसं काही दोन्हीतलं एकच मिळतं! मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या वेळीही घरात हेच ऐकलेलं.

मग मी तिला बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्या लीलावती या संस्कृत पद्यातल्या गणितग्रंथातलं भुंग्यांचं गणित घातलं. भुंग्यांचा एक थवा आहे, त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीच्या फुलाकडे गेले, सगळ्या थव्याचे आठ नवमांश पण तिकडेच, आणि उरलं एक जोडपं. त्यातला भुंगा वासाच्या लोभाने कमळात शिरला, रात्र झाली, पाकळ्या मिटल्या, आता तो आत गुणगुणतोय आणि भुंगी बाहेरून त्याला साद देतेय. तर सखे, एकूण भुंगे किती? उत्तर 72. छत्तिसाचं वर्गमूळ 6, आठ नवमांश म्हणजे 64, आणि हे दोघं.

आता बघा, गणिताला फक्त 'दोन उरले' एवढंच पुरेसं होतं. ती रात्र, ते मिटलेलं कमळ, बाहेरची भुंगी, यातलं काहीच समीकरणात येत नाही. तरी त्यांनी ते लिहिलं, तेही मालिनी वृत्तात, एक मात्रा इकडची तिकडे न होता. लोक म्हणतात पाठांतरासाठी पद्य, ते खरंच आहे, पण पाठांतराला भुंगीचं दुःख लागत नाही हो, ते लिहिणाऱ्याला वाटलं म्हणून आलं.

आकडेसुद्धा शब्दांत लिहायचे. स्वतःचं जन्मवर्ष त्यांनी दिलंय 'रसगुणपूर्णमही' असं, रस 6, गुण 3, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. उजवीकडून वाचायचं, शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. पुढच्याच ओळीत परत 'रसगुण', की 36व्या वर्षी सिद्धांतशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला. तेच दोन शब्द दोनदा वापरलेत, कवीच करू शकतो हे! आणि नकलून घेणाऱ्याने एखादा आकडा चुकवला तर कळणार नाही, पण शब्द चुकवला तर वृत्त लगेच अडखळतं, म्हणजे कविता इथे गणिताची राखण करतेय.

भाचीने 'कमळातला भुंगा' वहीत लिहून घेतला आणि वर्गसमीकरण मांडून स्वतः सोडवलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेणार आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा शके 1128चा शिलालेख आहे. त्यात संस्कृत आहे आणि आपली जुनी मराठीसुद्धा, आणि त्या मराठीत काय लिहिलंय तर पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं जे देणं राजाकडे जायचं ते आता मठाला द्यायचं.