मणिपूरसाठी प्रार्थना करताना

इंदूरच्या आमच्या चर्चमधील रविवारच्या उपासनेत मणिपूरचे नाव निघाले की माझी आजी, जिला इंफाळ नकाशावर दाखवता येणार नाही, डोळे अधिकच घट्ट मिटून घेते. ३ मे २०२३ पासून तेथे बहुतांश हिंदू मैतेई आणि बहुतांश ख्रिस्ती कुकी-झो समाजांत उसळलेल्या हिंसाचारात २०० हून अधिक माणसे मारली गेली, सुमारे ६०,००० बेघर झाली, चर्चप्रमाणे मंदिरेही जळाली. म्हणून केवळ ‘आपल्या’ लोकांसाठी केलेली प्रार्थना मला अपुरी वाटते. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातील यहुदी बंदिवानांना त्याच परक्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करण्यास लिहिले होते. मणिपूरच्या मदत छावणीत राहणाऱ्याला हे सांगणे, तेही सकाळी पोहे खाऊन निघालेल्या माझ्यासारख्याने, शोभत नाही. आजी मात्र दोन्ही समाजांची नावे घेते. ‘मैतेई’चा उच्चार तिला अजून जमत नाही.