दाराची पाचर

दुपारी वाऱ्याने खोलीचं दार तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा मी वैतागून उठले आणि पुठ्ठ्याची चौपदरी घडी करून दाराखाली सारली. ती दोन मिनिटं टिकली. मग आठवलं, भाचीची लाकडी पाचर घरातच कुठेतरी असणार. खणात सापडली. वरचं लेबलही निघालेलं नव्हतं.

भाची गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत शिकायला गेली. कॉलेजचं नाव सांगत नाही. शंभर अर्ज आले तर पाचसुद्धा घेत नाहीत, एवढं पुरे. हार्वर्ड, स्टॅनफर्ड हे याच माळेचे मणी. जाण्याआधी तिथल्या सीनियर मुलांनी सामानाची यादी पाठवली होती : चादरी, टॉवेल, टेबललॅम्प आणि सगळ्यात शेवटी, दाराला लावायची पाचर. पहिले काही आठवडे दार उघडं ठेव, म्हणजे येता-जाता कुणीतरी डोकावेल, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे पाचर मारली म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात खोडा घातला. तिथे ती दार उघडं राहावं म्हणून मारायची. गंमत म्हणजे हॉस्टेलची दारं आगीच्या धास्तीने आपोआप लागणारी असतात आणि ती अशी अडवून ठेवायला बऱ्याच ठिकाणी बंदीही असते. बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा पहिली पाचरच बाहेर निघाली.

तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, सगळे छान आहेत गं. पण कुणाजवळ नुसतं बसता येत नाही."

हे 'नुसतं' मला बरोबर कळलं. मीही एका अशाच कॉलेजात होते, जिथे प्रवेश मिळाल्यावर लांबलांबच्या नातेवाइकांचेसुद्धा फोन येतात. पहिल्या आठवड्यात नावाआधी नंबर विचारायचे. कितवी आलीस? वर्गात साठ जणी, साठही आपापल्या शाळेत पहिल्या आलेल्या आणि आता त्यातल्या एकोणसाठ जणींना तो पहिला नंबर सोडायचा होता. परीक्षेच्या आदल्या रात्री जी मुलगी "माझं काहीच झालं नाही गं" म्हणायची, तिच्या दाराखालची उजेडाची पट्टी पहाटे तीनपर्यंत दिसायची. (तीनपर्यंत ती बघायला मी कशाला जागी होते, हे विचारू नका.) स्टॅनफर्डची मुलं याला बदकाचा आजार म्हणतात : पाण्यावर संथ, निवांत आणि खाली पाय सपासप चाललेले. शिकागो विद्यापीठाच्या मुलांचा एक जुना टी-शर्ट आहे, त्यावर लिहिलेलं असतं, 'मजा इथे मरायला येते.' मला तो टी-शर्ट फार आवडतो. तो घालून फिरणाऱ्याजवळ बहुधा नुसतं बसता येत असावं.

लहानपणी मी बरीच वर्षं कच्चं लिंबू होते. ताईच्या मागे लागून खेळायला जायचं, सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण पकडली गेले तरी माझ्यावर राज्य नाही. काय सुख होतं ते! अर्थात तेव्हा तो अपमान वाटायचा. सातव्या वर्षी मी हट्ट धरला की मला पक्कं करा. केलं. त्याच संध्याकाळी माझ्यावर लागोपाठ चार वेळा राज्य आलं. भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात घेऊन आकडे मोजताना मी रडत होते आणि रडण्यात आकडे चुकत होते, म्हणून पुन्हा एकपासून. दुसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, मला परत कच्चं कर. ती म्हणाली, "असं परत होता येत नाही." इतक्या थंडपणे म्हणाली की अजून आठवतं.

कॉलेजात ते सारखं आठवायचं. सगळीच पक्की. राज्य सतत कुणावर तरी.

माझी खोली मजल्याच्या टोकाला होती, पाण्याच्या कूलरला लागून. वाटप झालं तेव्हा मी चिडले होते, कारण कूलर रात्रभर घुमायचा. शिवाय त्याच्या नळाची धार दोऱ्याएवढी. एक बाटली भरायला दोन मिनिटं लागत. दोन मिनिटं एखाद्या मुलीने नळाखाली बाटली धरून उभं राहायचं म्हणजे तिला काहीतरी बोलावंच लागतं आणि माझं दार समोरच. पाणी भरताना कुणी नंबर विचारत नसे. "आज पण बारीक येतंय का?" "कालच्यापेक्षा बरं आहे." विषय एवढाच. पण पुढे ज्यांच्याशी जन्माचं जमलं, त्या दोघी मला त्या नळापाशीच मिळाल्या.

अमेरिकेतल्या एमआयटीत विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत तीन मानसशास्त्रज्ञांनी मैत्री कशी जुळते ते पाहिलं होतं, त्याचं पुस्तक 1950 साली आलं. त्यांना काय सापडलं? स्वभाव, आवडीनिवडी यांच्या आधी दारं. शेजारच्या दाराशी मैत्री जास्त, चार दारं पलीकडे कमी. आणि खालच्या मजल्यावर ज्यांचं घर जिन्याच्या पायथ्याशी होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी. माणसं निवडायला एवढी चाळणी लावायची आणि शेवटी जमायचं कुणाशी, तर जिन्यापाशी राहते तिच्याशी!

कॅन्ससच्या एका प्राध्यापकाने तर 2018 मध्ये तासांचा हिशेब मांडला : जवळची मैत्री व्हायला दोनशेहून जास्त तास सोबत जावे लागतात. बाटलीमागे दोन मिनिटं धरली तर सहा हजार बाटल्या. रोज तीन भरल्या तरी पाच वर्षांच्या वर, आणि आमचा कोर्स होता चार वर्षांचा. तेव्हा हिशेबात कुठेतरी चूक आहे. बहुधा आम्ही बाटली भरल्यावरही उभ्या राहत असू.

तिसऱ्या वर्षी कुणीतरी रीतसर तक्रार केली आणि नळ दुरुस्त झाला. बाटली वीस सेकंदांत भरायला लागली. त्या वर्षीच्या ज्युनियर मुली मला चेहऱ्यानेसुद्धा आठवत नाहीत.

हे सगळं मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आमच्या कूलरला सेन्सर आहे. बाटली ठेवली की भरते. आणि वर आकडा येतो, आत्तापर्यंत किती प्लास्टिकच्या बाटल्या वाचल्या."

म्हणजे तिथेही आकडा.

मग मी विषय सोडून दिला. काल सहज फोन केला तर मागे घरघर ऐकू येत होती. कपडे धुवायच्या खोलीत होती. तिथला एक ड्रायर अर्ध्यातच थांबतो, कधी थांबेल ते सांगता येत नाही, म्हणून राखण करत बसावं लागतं. जमिनीवरच बसलेय, म्हणाली. एक मुलगीही असते, ती पण त्याच ड्रायरच्या नादी लागलेली.

"काय करते ती? कुठला विषय?"

"माहीत नाही गं. विचारलंच नाही."

पाचर पाठवू का, विचारलं. नको म्हणाली. आता ती इथेच आहे, माझ्या दाराखाली. जरा जाड पडते. दार पूर्ण उघडत नाही, पण आपटतही नाही.